फिरतीच्या माणसाच्या हाती यंत्र देताना

कापडाच्या धंद्यात दोन प्रकारची माणसे लागतात. एक पेढीवर बसणारी आणि दुसरी लाईनवर फिरणारी. पेढीवरचा माणूस नजरेसमोर असतो. तो मीटर लावताना हात आखडतो की सैल सोडतो, गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, ताका उलगडून पुन्हा नीट घडी घालतो की नाही, हे सारे मालकाला दिसते. लाईनवरचा माणूस मात्र सकाळी माल घेऊन निघाला की दिवसभरात त्याने काय केले, हे संध्याकाळी तो सांगेल तेवढेच कळते. त्याची वही, त्याने आणलेली वसुली आणि त्याचा शब्द, या तीन गोष्टींवर फिरतीचा धंदा आजवर चालत आला.

आता त्यात चौथी गोष्ट आली आहे. मालक फिरतीच्या माणसाच्या हाती एक यंत्र देतो. कोठे तो मोबाईल फोन असतो, कोठे मनगटावरचे घड्याळ, कोठे पावती छापणारे छोटे मशीन. माणूस कोठे आहे, किती वाजता पोहोचला, किती माल दिला, किती पैसे घेतले, हे त्यातून मालकाला बसल्या जागी दिसते. हा विषय मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. पण जानेफळसारख्या गावातील आमच्या पेढीवरही दोन वर्षांपूर्वी हे यंत्र आले आणि त्यापायी आमच्या हातून एक चूक झाली. ती पुढे सांगणारच आहोत. आधी विषय समजून घेऊ.

यंत्र दाराशी कधीच आले आहे

आपल्या दुकानात रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो. रोजच्या बचतीची ही पद्धत १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली. त्या काळी दारोदार फिरून दोन-दोन आणे गोळा करीत. पुढे ती सहकारी बँका आणि पतसंस्थांनी उचलली आणि आज महाराष्ट्रातील लहान व्यापाऱ्याची अर्धी भांडवल-व्यवस्था तिच्यावर उभी आहे. पूर्वी पिग्मीवाला कार्डावर आकडा लिहून सही करी. महिन्याच्या शेवटी कार्डावरचा आकडा आणि संस्थेच्या वहीतला आकडा जुळला तर ठीक, नाही जुळला तर भांडण. आता त्याच्या हाती मशीन असते. पैसे घेतले की चिठ्ठी छापून निघते किंवा मोबाईलवर संदेश येतो, आणि तोच आकडा संस्थेत जमा होतो. यात संस्थेचा फायदा आहे, पण आपलाही आहे, आणि प्रामाणिक पिग्मीवाल्याचा तर सर्वांत जास्त आहे. त्याच्यावर संशय घेण्याची वेळच येत नाही.

एस.टी.चा वाहक आठवा. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच, आणि गाडी डेपोत शिरण्यापूर्वी वेबिल भरण्याची घाई. २०१० च्या सुमारास त्याच्या हाती तिकीट छापणारे मशीन आले आणि हिशेबाचे काम हलके झाले. त्याचबरोबर कोणत्या थांब्यावर किती तिकिटे फाडली हेही आगाराला कळू लागले. मशीन बंद पडले की मात्र वाहकाला पुन्हा जुन्या कागदी तिकिटांकडे वळावे लागे. टपाल खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये दर्पण नावाची योजना सुरू करून खेड्यांतील शाखा टपाल कार्यालयांना हातातली मशीन दिली. साबण-बिस्किटांच्या कंपन्यांचे सेल्समन दुकानात उभे राहून फोनवरच ऑर्डर टिपतात आणि त्याच फोनमध्ये ते कोणत्या वेळी कोणत्या दुकानात होते याचीही नोंद होते.

म्हणजे यंत्र एकच आहे, पण ते दोन कामे करते. एक काम मालाचा आणि पैशाचा हिशेब ठेवण्याचे. दुसरे काम माणसावर नजर ठेवण्याचे. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते या दोन कामांतील फरकाविषयी आहे.

आधी मालाचा माग, मग माणसाचा

या यंत्रांचा उगम पाहिला तर तो फरक स्पष्ट होतो. आज आपल्याकडे ज्यांचे लेज वेफर्स खेड्यापाड्यांत विकले जातात, त्या फ्रिटो-ले कंपनीने १९८६ साली अमेरिकेत आपल्या सुमारे दहा हजार विक्रेत्यांच्या हाती लहान संगणक दिले. विक्रेता दुकानात जाई, किती पुडे खपले, किती शिल्लक आहेत, किती शिळे परत घेतले हे त्यात भरी आणि बिल तेथेच छापी. त्यापूर्वी हेच काम त्याला कागदावर करावे लागे आणि त्यात रोजचा बराच वेळ जाई. त्याच वर्षी फेडेक्स या पार्सल कंपनीने आपल्या माणसांना पार्सलावरच्या पट्ट्या वाचणारे यंत्र दिले. पुढे १९९० च्या सुमारास यू.पी.एस. या दुसऱ्या कंपनीने गिऱ्हाइकाची सहीसुद्धा यंत्रावर घेण्यास सुरुवात केली.

येथे लक्षात घ्या, ही सर्व यंत्रे मालामागे लावलेली होती. वेफर्सचा पुडा कोठे गेला, पार्सल कोणी घेतले, हा त्यांचा प्रश्न होता. माणूस त्या वेळी कोठे चहा पीत होता, हे त्यांना कळत नव्हते आणि कळण्याचा मार्गही नव्हता. तो मार्ग नंतर खुला झाला. अमेरिकेच्या उपग्रहांची जी.पी.एस. व्यवस्था लष्करासाठी उभारलेली होती. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक ठेवलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे २००० मध्ये ती मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्यात आली. पुढे ही सोय प्रत्येक मोबाईलमध्ये आली आणि माणूस कोणत्या गल्लीत उभा आहे इथपर्यंत दिसू लागले. आज पुण्यात किंवा संभाजीनगरात घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या पोराचे सारे काम फोनच ठरवतो. कोठे जायचे, किती मिनिटांत पोहोचायचे, पुढचे काम मिळणार की नाही, हे सारे फोनवर. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, भाचे, पुतणे हेच काम करीत आहेत. म्हणून हा विषय मालकाच्या बाजूने जितका शिकण्यासारखा आहे, तितकाच कामगाराच्या बाजूनेही आहे.

ठिपका कसा तयार होतो

मालकाच्या फोनवर नकाशा असतो आणि त्यावर माणसाचा ठिपका. ठिपका दिसला की माणूस तेथेच आहे अशी आपली खात्री होते. पण तो ठिपका दोन टप्प्यांनी तयार होतो, हे कोणी सांगत नाही.

पहिला टप्पा आकाशाचा. फोन उपग्रहांचे संकेत पकडतो आणि निदान चार उपग्रह सापडले तर आपली जागा काढतो. मोकळ्या रानात हे काम छान होते. पत्र्याच्या शेडखाली, दाट बाजारपेठेत, दोन इमारतींमधल्या बोळात किंवा घाटाच्या कपारीत संकेत अडतात. मग फोन जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि हा अंदाज कधी कधी शेकडो मीटर चुकतो.

दुसरा टप्पा टॉवरचा. काढलेली जागा मालकाकडे पोहोचविण्यासाठी मोबाईलचे नेटवर्क लागते. नेटवर्क नसेल तर फोन गप्प बसतो. मालकाच्या नकाशावर ठिपका नाहीसा होईल असे आपल्याला वाटते, पण अनेक ॲप तसे करीत नाहीत. शेवटची कळलेली जागा दाखवीत राहतात. काही ॲप नंतर नेटवर्क आले की मधली जागा भरून काढतात, काही ती भरतच नाहीत. फोनची बॅटरी उतरली, किंवा बॅटरी वाचविण्यासाठी फोनने स्वतःच ॲप झोपवले, तरीही हेच होते.

आणखी एक शब्द ऐकू येतो, जिओफेन्स. म्हणजे नकाशावर आखलेले कुंपण. सफाईवाल्याला अमुक चार रस्ते दिले तर त्याभोवती रेघ ओढतात. रेघेच्या आत असेल तर हजर, बाहेर गेला तर गैरहजर. कुंपण कागदावर सरळ असते. पण ज्या गल्लीत सफाई करायची तिला लागून दुसरी गल्ली असते, आणि ठिपका पन्नास मीटर सरकला की हजर माणूस गैरहजर होतो.

आमची चूक

आता आमचा अनुभव. आमच्याकडे तीन माणसे लाईनवर जातात. अस्तर, पॉपलिन, ब्लाऊज पीस, लुंगी, टॉवेल, चादर असा माल खेड्यांतील शिंप्यांना आणि किराणा-कापड एकत्र विकणाऱ्या दुकानांना द्यायचा, मागची उधारी वसूल करायची, नवी ऑर्डर आणायची. दोघे तरुण आहेत. तिसरे वयाने आमच्यापेक्षाही मोठे. त्यांना सारे चाचा म्हणतात, आम्हीही. ते आमच्या वडिलांच्या काळापासून पेढीवर आहेत.

एका आडत्याने सुचविले म्हणून आम्ही साडेआठ हजारांचे तीन फोन घेतले आणि माणशी दरमहा पैसे भरून एक ॲप बसवले. खरे सांगायचे तर ऑर्डर टिपण्यासाठी घेतले होते. शिंप्याला साडीच्या काठाचा फोटो दाखवता येतो, पेढीवर किती ताके शिल्लक आहेत ते बघून होय-नाही सांगता येते, पैसेही फोनवरून थेट खात्यात घेता येतात. या कामाला फोन फार उपयोगी पडला आणि आजही पडतो. पण ॲपमध्ये नकाशाही होता. पहिले पंधरा दिवस आम्ही गिऱ्हाइकांपेक्षा त्या तीन ठिपक्यांकडेच जास्त पाहिले. कोण कोठे थांबला, किती वेळ थांबला. माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची जी खोड असते तीच ही, दुसरे काही नाही.

एके दिवशी चाचांचा ठिपका घाटाखाली उतरणाऱ्या वाटेवर एका ठिकाणी साडेतीन तास उभा दिसला. आम्ही दोनदा फोन लावला, लागला नाही. संध्याकाळी ते आले, वसुलीचे पैसे आणि वही गल्ल्याजवळ ठेवून नमाजला गेले. आठवड्याचा हिशेब करताना आम्ही त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली, तीनशे रुपये. कारण विचारले नाही. ठिपका दिसत होता, मग विचारायचे काय? त्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि काही बोलले नाहीत.

दहा-बारा दिवसांनी त्या बाजूच्या एका गावचा दुकानदार माल घ्यायला पेढीवर आला. बोलता बोलता म्हणाला, त्या दिवशी चाचा दोन तास आमच्याकडे बसले, माझ्या थोरल्या भावाच्या वेळची जुनी उधारी होती, ती चिठ्ठ्या काढून जुळवून दिली, म्हणून मी पैसे मोकळे केले. आम्ही वही उघडली. चाचांची वही उर्दूत असते, आमच्यासारखेच ते उर्दू शाळेत शिकलेले. त्या तारखेखाली तीन गावे आणि चार पार्ट्यांची नावे लिहिलेली होती. एकूण वसुली अकरा हजार चारशे, त्यात ती बुडीत धरलेली रक्कमही आली. हे पैसे त्याच संध्याकाळी आमच्या गल्ल्यात पडले होते. वहीही आमच्यासमोरच होती. घाट उतरताना नेटवर्क गेले, ठिपका तेथेच थिजला आणि चाचा पुढे तीन गावे फिरून आले, एवढाच प्रकार.

आम्ही तीनशे रुपये परत दिले. त्यांनी ते घेतले आणि सोबत फोन गादीवर ठेवला. म्हणाले, "भाई, नकाशा तुम्ही बघा. मी वही लिहीत जाईन." माफी मागितली तरी तो फोन त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

ज्यांना हा एक किस्सा वाटतो त्यांनी हिशेब करून पाहावा. बारा दिवस आमच्या पेढीवरच्या सर्वांत भरवशाच्या माणसाच्या मनात काय चालले असेल? त्या काळात त्यांनी दुसऱ्या पेढीचे बोलावणे स्वीकारले असते, तर पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या पार्ट्या त्यांच्याबरोबर गेल्या असत्या. तीनशे रुपयांच्या कपातीत आम्ही ती सारी लाईन पणाला लावली होती.

नागपूर, अंगणवाडी आणि रेल्वे

आमच्याकडे एका माणसाचे झाले ते नागपुरात हजारो माणसांच्या बाबतीत घडले. नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांना मनगटी घड्याळे भाडेतत्त्वावर घेऊन दिली. घड्याळात जी.पी.एस. होते आणि हजेरी त्यावरून लागे. नेमून दिलेल्या हद्दीत अमुक तास दिसले तर पगार, नाहीतर कपात. हेतू चुकीचा नव्हता. कामावर न येणारी माणसे आणि कागदावरची खोटी हजेरी ही पालिकांची जुनी दुखणी आहेत. पण थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. काम करूनही गैरहजेरी लागली, घड्याळ बंद पडले, पगार कापला गेला. महिला कामगारांना तर हे घड्याळ आपले बोलणे ऐकते की काय, शौचालयात गेले तरी दिसते की काय, अशी धास्ती. यंत्र प्रत्यक्षात काय बघते आणि काय बघत नाही, हे कामगारांना त्यांच्या भाषेत नीट समजावले असते तर निम्मी धास्ती कमी झाली असती, असे आमचे मत आहे.

अंगणवाडी ताईंचे प्रकरण दुसऱ्या तऱ्हेचे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये त्यांना सरकारने फोन दिले. मुलांची वजने, पोषण आहार, गरोदर मातांची नोंद हे सारे त्यात भरायचे. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आणले. फोन दोन जी.बी. क्षमतेचा, ॲप जड, फोन तापायचा आणि अडकायचा. ॲप इंग्रजीत. मे २०२१ मध्ये वॉरंटी संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी पडू लागला. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी हजारोंच्या संख्येने फोन सरकारला परत केले. ज्या बाईने बालकाचे वजन केले, घरोघरी जाऊन नोंद घेतली, तिचे काम ॲपमध्ये दिसत नाही म्हणून झालेच नाही असे धरायचे, हे तिने का सोसावे?

या दोन्हींच्या उलट एक चांगले उदाहरण आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने ज्या मार्गावर आहेत त्या मार्गावर पावसाळ्यात रात्रभर गस्तवाले रूळ तपासत चालत असतात. जुन्या पद्धतीत दोन गस्तवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटून गस्तीची पुस्तके अदलाबदल करीत. तीच चालल्याची खूण. अलीकडच्या वर्षांत मध्य रेल्वेने गस्तवाल्यांना जी.पी.एस.ची यंत्रे दिली. त्यांतून गस्त झाली की नाही हे कळतेच, पण रूळ तुटलेला दिसला किंवा पाणी चढले तर त्याच यंत्रावरून तातडीने खबर देता येते. अंधारात एकट्याने चालणाऱ्या माणसाला ते यंत्र आधाराचे वाटते. यंत्र जेव्हा दोन्ही दिशांनी बोलते, मालकाला खबर देते आणि माणसाच्या हाकेला उत्तरही देते, तेव्हा त्याविषयी कुरकुर कमी होते. आमच्या धाकट्या पोराची मोटारसायकल एकदा रात्री रानात बंद पडली, तेव्हा त्याच नकाशावरून आम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलो. त्या रात्री त्याने नकाशाला नावे ठेवली नाहीत.

लबाडी होत नाही असेही नाही. फोन चहाच्या टपरीवर ठेवून सिनेमाला जाणारे आहेत, दोघांचे फोन एकाने घेऊन फिरणारे आहेत, खोटी जागा दाखवणारी ॲपही मिळतात. लबाड माणूस यंत्राला फसवायला आठ दिवसांत शिकतो, भोळा माणूस यंत्राकडून फसतो. म्हणून केवळ पहाऱ्यासाठी यंत्र घेणारा मालक बहुधा नको त्याला पकडतो.

देण्यापूर्वी काय ठरवावे

हे लिहून ठेवावे, तोंडी ठेवू नये, आणि ज्या भाषेत माणूस वाचतो त्या भाषेत लिहावे. आमच्या पेढीवर एक कागद मराठीत आहे आणि एक उर्दूत.

पहिली गोष्ट, यंत्र चालू कधी आणि बंद कधी. आम्ही सकाळी माल मोजून दिल्यापासून संध्याकाळी हिशेब होईपर्यंत एवढीच वेळ ठेवली आहे. त्यानंतर माणूस कोठे जातो, कोणाच्या घरी बसतो, याच्याशी पेढीचा संबंध नाही. परदेशातही हा वाद कोर्टात गेला आहे. कॅलिफोर्नियात पैसे पाठविण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीतील महिला कर्मचाऱ्याने सुट्टीच्या वेळीही माग काढणारे ॲप फोनमधून काढून टाकले आणि तिची नोकरी गेली. मे २०१५ मध्ये तिच्या दाव्याची बातमी जगभर छापून आली. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होणारे आहेत. नोकरीच्या कामापुरती माहिती घेण्यास त्यात मालकाला वाव आहे. पण रात्री नऊ वाजता माणूस कोणत्या मोहल्ल्यात आहे, ही नोकरीच्या कामाची माहिती कशी म्हणता येईल?

दुसरी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे यंत्र एक सांगते आणि माणूस दुसरे सांगतो तेव्हा कोणाचे धरायचे. आमचा नियम आता असा की पैसे आणि माल जुळला तर ठिपक्याची चौकशीच करायची नाही. जुळला नाही तर आधी माणसाला विचारायचे, मग पार्टीला, आणि नकाशा शेवटी बघायचा. नकाशा पाहून मजुरी कापायची नाही. कायद्याची वाटही हीच आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मजुरीतून कशाकशाची कपात करता येते ते मोजून दिले आहे. दंड करायचा तर माणसाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि दंडाची रक्कम त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. ठिपका थिजला म्हणजे माणूस गैरहजर झाला, असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. या हिशेबाने आमची तीनशे रुपयांची कपात कायद्यातही बसत नव्हती.

फोन फुटला, हरवला, भिजला तर खर्च कोणाचा? कामात फुटला तर पेढीचा. याबाबत मालक लोक फार घासाघीस करतात आणि मग माणूस फोन कपाटात जपून ठेवतो. रिचार्ज पेढीचा. माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये ॲप टाकायला लावून पैसे वाचवू नयेत, त्यात त्याच्या घरच्यांचे फोटो असतात, त्याचे स्वतःचे बोलणे असते. नकाशा कोण पाहणार तेही ठरवावे. आमच्याकडे सुरुवातीला दुकानातील प्रत्येक जण डोकावून बघे आणि थट्टा करी. आता तो एकाच फोनवर आहे.

कागदी वही बंद करू नये. एस.टी.च्या वाहकालाही कागदी तिकिटांचा आधार ठेवावा लागला, मग आपण कोण?

जे बांधव स्वतः असे यंत्र बाळगून काम करतात, त्यांनाही दोन शब्द. रोजची वही आपल्या हाताने लिहा, निदान गावे, वेळ आणि पैसे. नेटवर्क गेले तर त्या दिवशीच मालकाला सांगा, आठ दिवसांनी सांगितले तर ती सबब वाटते. ॲपवर दिवसाचा हिशेब दिसत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. कपात झाली तर कशाची झाली हे त्याच वेळी विचारा. चाचा गप्प राहिले, तो दुकानदार आला नसता तर आम्हाला कधीच कळले नसते.

आमच्याकडे एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. चाचा फोनशिवाय लाईनवर जातात. त्यांच्या पार्ट्यांच्या ऑर्डरी संध्याकाळी वहीतून आम्ही स्वतः ॲपमध्ये भरतो, रोज अर्धा तास जातो. बारावी झालेला धाकटा पोरगा परवा विचारत होता, चाचांना फोन नाही, मग मलाच का? त्याला काम लागून दीड वर्ष झाले आहे. चाचांना किती वर्षे झाली हे आम्ही त्याला सांगितले. तो म्हणाला, मग मी किती वर्षांनी फोन ठेवायचा? याचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही.